गॅलरीत चपला कुठे काढायच्या?

मंडळी, गेल्या रविवारी माझ्या ऐंशी वर्षांच्या मावशीला घेऊन मी वडोदऱ्याच्या अलकापुरीतल्या एका चित्रांच्या गॅलरीत गेले होते. प्रदर्शनाचा विषय अध्यात्म. मावशीनं दारातच चपला काढल्या. तिथला मुलगा म्हणाला, "बा, चंपल पहेरी राखो." ती माझ्याकडे वळली, "आत देव आहेत म्हणालीस ना?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. आज जे बोलणार आहे ते त्यावरूनच सुचलं.

पहिल्या दालनात सोनेरी वर्ख लावलेले बुद्ध होते. अर्धोन्मीलित डोळे, कमळं, दोनतीन ॐ. स्पष्टच सांगते, दिवाणखान्यातल्या सोफ्याला शोभतील असे बुद्ध. भिंतीवरच्या निवेदनात 'कॉस्मिक एनर्जी' हा शब्द चारदा आला होता. मावशीनं प्रत्येक चित्राला हात जोडले आणि पाच मिनिटांत दालन संपवलं. तिचं काही चुकलं नाही. दर्शनाला वेळ लागतच नाही, लागतो तो रांगेला. आणि इथे रांग नव्हती.

काही चित्रांखाली लाल टिकली चिकटवलेली होती. मावशी म्हणाली, "यांची पूजा झालेली दिसते." मी सांगितलं, अगं, ती चित्रं विकली गेली. तिला जरा वाईट वाटलं. मला मात्र चित्रकार सय्यद हैदर रझा आठवले. १९२२ साली मंडला जिल्ह्यात जन्मलेला हा मुलगा वर्गात चंचल होता. मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. पॅरिसमध्ये कित्येक वर्षं काढल्यावर तोच ठिपका 'बिंदू' होऊन त्यांच्या कॅनव्हासवर परतला. मास्तरांनी त्याला ध्यान शिकवलं की नुसतं गप्प बसवलं, कोण जाणे. मास्तर म्हणून माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

आतल्या खोलीत एका तरुण मुलीची कामं होती. करड्या कागदावर पेन्सिलीच्या रेघा, एकीखाली एक, शेकड्यांनी. देव नाही, कमळ नाही, नावसुद्धा नाही. इथे मावशी थांबली. हात जोडले नाहीत. कागदाच्या इतकी जवळ गेली की तो मुलगा धास्तावून पुढे आला. मग एका जागी बोट दाखवून म्हणाली, "इथे दमली बघ ती. आणि इथे परत बसली." मी पाहिलं तर खरंच, तेवढ्या जागेत रेघ किंचित थरथरली होती. मी तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, पण माझ्या नजरेतून ते निसटलं होतं. मावशीनं दोनदा लाखवाती केल्या आहेत. वात वळताना चित्त हललं की कापूस सांगतो, असं तिचं म्हणणं.

रेघांचं हे वळण वडोदऱ्याला नवीन नाही. चित्रकार नसरीन मोहम्मदी १९७२पासून १९९०पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, आपल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागात शिकवत होत्या. कागद, पेन्सिल, शाई आणि सरळ रेघा. शेवटच्या वर्षांत आजारानं शरीरावरचा ताबा सुटत चालला होता, तरी कागदावरची रेघ सुटली नाही. त्या चित्रांना आध्यात्मिक म्हणावं का यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला त्या शब्दाची गरज वाटत नाही.

विश्वामित्री नदीजवळच्या कीर्तिमंदिरात तर आपण लहानपणापासून जातो. गायकवाडांच्या या स्मारकात चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात भिंतींवर चित्रं रंगवली. गंगावतरण, मीरा, अभिमन्यू आणि 'नटीर पूजा'. रवींद्रनाथांच्या नाटकातली ही नटी राजाची पूजेवरची बंदी मोडून स्तूपापुढे नाचते आणि जीव गमावते. तिच्याजवळ ना फुलं ना आरती, जे येतं ते नाचणं. पुढच्या वेळी जाल तेव्हा या भिंतीपुढे जरा टेका. आपण बहुतेक जण तिथे फोटो काढून निघतो; मीही तेच करत आले.

तर चपलांचं काय? बाहेर पडताना मावशीनं त्या निमूट पायांत घातल्या. पहिल्या दालनासाठी काढल्या होत्या, याचं तिला थोडं हसू येत होतं. रेघांच्या खोलीत मात्र ती पुन्हा अनवाणी जाईल, असा माझा अंदाज. प्रदर्शन अजून आठवडाभर आहे. त्या करड्या कागदाखाली रविवारपर्यंत तरी टिकली लागलेली नव्हती.