हातमोजे नंतर, आधी ते औषध बाजारातून हटवा

नमस्कार मंडळी. शेतात कीटकनाशकाच्या फवारणीतून कुणाला विषबाधा झाली की पहिला प्रश्न ठरलेला: "हातमोजे घातले नव्हते का?" मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो.

जरा जवळून बघा. मोठा धोका असतो औषध कालवताना, कारण तेव्हा ते पातळ केलेलं नसतं. झाकणाने मोजताना ते बोटांवर ओघळतं. पुढे पाठीवरचा पंप गळतो, शर्ट भिजतो आणि त्याच ओल्या शर्टावर उरलेलं शेत उरकलं जातं. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातली औषधं कातडीतूनही अंगात भिनतात. दरदरून घाम, तोंडाला लाळ, मग श्वास कोंडतो. आता सांगा, रणरणत्या उन्हात रबरी पोशाख घालून कोण काम करेल?

[पडद्यावर: आचारसंहितेतला मुद्दा]

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकांबाबतची आचारसंहिताच म्हणते, की ज्याला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात ते कीटकनाशक टाळावं. उष्ण प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी तर खासच.

श्रीलंकेने हेच केलं. १९९५ पर्यंत सर्वाधिक विषारी वर्गातली औषधं बंद केली, १९९८ मध्ये एन्डोसल्फान हे कीटकनाशक, पुढे पॅराक्वाट हे तणनाशक. तिथे आत्महत्यांसाठी कीटकनाशकाचा वापर फार होता. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. तो टोकाचा क्षण अनेकदा टळून जातो हो, फक्त हाताशी असलेलं विष इतकं जालीम नको. आणि या बंदीमुळे पिकाचं उत्पादन घटल्याचं दिसलं नाही.

"पण कीड कशी आवरायची?" इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली. तपकिरी तुडतुड्यांना खाणारे कोळीच त्या फवारण्यांनी मरत होते, म्हणून तुडतुडे माजले होते. नंतर शेतीशाळांमधून शेतकरी शेतात उतरून मित्रकीटक मोजायला शिकले.

बंदी सरकारच घालणार, पण पुरावा गावातून जातो. घातक रसायनांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय रॉटरडॅम करारानुसार विकसनशील देश, शेतात विषबाधा करणारं औषध आंतरराष्ट्रीय यादीत घालण्याचा प्रस्ताव स्वतः मांडू शकतो. त्यासाठी घटनांची नोंद लागते. म्हणून कुणाला विषबाधा झाली तर आधी भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, लगेच दवाखान्यात न्या आणि लेबलचा फोटो सोबत ठेवा. डॉक्टरांना उपचार ठरवायला तो लागतोच. केसपेपरवर औषधाचं नाव लिहून घ्या, नुसतं "विषबाधा" नको.