टनामागे ४०० ग्रॅम

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील प्रेस शॉपमध्ये पोलादाचे जे पत्रे दाबले जातात, त्यांतील बरेचसे वाहनांच्या सांगाड्यात जातात. वाहन हलके करायचे तर पत्रा पातळ करावा लागतो, आणि पातळ पत्र्याने पूर्वीइतकाच भार पेलायचा तर पोलाद अधिक बळकट असावे लागते. हे बळ पुष्कळदा फार थोड्या धातूतून येते. ०.०४ टक्के नायोबियम म्हणजे एक टन पोलादात अवघे ४०० ग्रॅम.

एवढ्याशा धातूने काय साधते, हे कळण्यासाठी जुन्या नाशकातील तांबटाचे काम पाहावे. ठोके पडत जातात तसा हंड्याचा पत्रा कडक होतो. धातू वाकतो तो त्याच्या स्फटिकांतील ‘डिस्लोकेशन’ नावाचे रेषेसारखे दोष सरकत गेल्यामुळे. ठोक्यांनी हे दोष इतके वाढतात, की ते एकमेकांचीच वाट अडवतात. पोलादात हीच अडवणूक बारीक कणांकडून करून घेता येते.

पोलादाचा स्लॅब, म्हणजे ज्यापासून पत्रा लाटतात तो जाड ठोकळा, सुमारे १२०० अंश सेल्सिअसला तापवला, की नायोबियम त्यात विरघळते. रोलिंग चालू असताना तापमान उतरू लागते, तसे ते कार्बन आणि नायट्रोजनशी जुळून अतिसूक्ष्म कण बनवते. हे कण स्फटिकांच्या सीमा धरून ठेवतात, त्यामुळे स्फटिक मोठे होऊ शकत नाहीत. स्फटिक जितके बारीक तितके पोलाद बळकट, हा संबंध १९५१ मध्ये हॉल यांनी आणि १९५३ मध्ये पेच यांनी मांडला. बळ वाढवणारे बहुतेक उपाय चिवटपणा कमी करतात. स्फटिक बारीक करण्याने मात्र दोन्ही वाढतात, आणि म्हणूनच हे ४०० ग्रॅम इतके मोलाचे आहेत.

दुसरा मार्ग पोलादच हलके करण्याचा आहे. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक टक्क्यामागे पोलादाची घनता सुमारे १.३ टक्क्यांनी घटते. मँगनीज आणि कार्बन यांच्यासोबत १० टक्के ॲल्युमिनियम घातले, तर घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅमची घनता ६.८ च्या आसपास येते. अशा पोलादाला ५०० ते ६०० अंशांवर काही तास ठेवले, की लोह, मँगनीज, ॲल्युमिनियम आणि कार्बन यांचे ‘काप्पा कार्बाइड’ नावाचे कण तयार होतात. ते स्फटिकांच्या आत बारीक पसरले तर बळ देतात. वेळ जास्त झाली, की सीमांवर जाडसर साचतात आणि पोलाद ठिसूळ होते. थोड्या भरीचे महत्त्व येथे विशेष जाणवते. मॉलिब्डेनम या कणांची वाढ मंदावते आणि सिलिकॉन तिला वेग देते. नायोबियम आणि व्हॅनेडियम स्वतःचे कार्बाइड बनवतात, पण त्यासाठी जो कार्बन वापरला जातो तो काप्पा कणांना मिळत नाही, म्हणून त्यांचे प्रमाण तोलूनमापून ठरवावे लागते.

दक्षिण कोरियातील पोहांग येथील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेले काम याच वाटेवरचे आहे. लोह आणि ॲल्युमिनियम यांचे ठिसूळ संयुग आजवर टाळले जात असे. त्यांनी अशा पोलादात ५ टक्के निकेल घातले आणि तेच संयुग बारीक कणांच्या रूपात सर्वत्र पसरवले. जे पोलादाला तडकवत होते, तेच कण त्याला बळ देऊ लागले.

असे पोलाद अजून सर्वत्र का दिसत नाही, याचे एक कारण ओतकामात आहे. वितळलेले ॲल्युमिनियम साच्यावरील फ्लक्समधील (वितळलेल्या पोलादावर टाकायच्या संरक्षक भुकटीतील) सिलिकाशी अभिक्रिया करते आणि सलग ओतकाम कठीण होते. दुसरे कारण प्रेस शॉपच्या कामगारांना सहज कळेल. ॲल्युमिनियममुळे पोलादाची ताठरता घटते. ताठरता अणूंमधील बंधांवर अवलंबून असल्यामुळे नायोबियमच्या कणांनी ती भरून निघत नाही. पोलाद बळकट आणि ताठरता कमी, अशी दोन्ही कारणे एकत्र आली, की दाब काढल्यावर पत्रा अधिक मागे उसळतो, आणि आजच्या पत्र्यासाठी घडवलेली डाय (पत्रा दाबण्याचा साचा) त्या पोलादाला तशीच वापरता येत नाही.