कार्डावर ओ, रक्तात नाही

(पडद्यावर: पांढरी टाईल, शेजारी निळी आणि पिवळी बाटली. ग्लोव्हज घातलेला हात.)

ही पांढरी टाईल बघा. रक्ताचे दोन थेंब घेतले, एकावर निळं सिरम, दुसऱ्यावर पिवळं, काडीनं ढवळलं आणि आता टाईल हलकेच डोलवायची, पाळणा हलवतात तशी. निळ्यात रव्यासारखे दाणे दिसायला लागले की ए, पिवळ्यात दिसले की बी, दोन्हीकडं दिसले की एबी. आणि दोन्हीकडं काहीच झालं नाही, रक्त आपलं गुळगुळीत राहिलं, की ओ. दोनेक मिनिटांचं काम. कॉलेजच्या कॅम्पमध्ये, ऑफिसच्या हेल्थ चेकअपला असंच होतं, कार्डावर ओ लिहिलं की विषय संपला.

परळला १९५२ साली तो तिथं संपला नाही, आणि ही फिल्म त्याच्यावरच आहे.

(पडद्यावर: केईएमची जुनी दगडी इमारत, सकाळची ओपीडीची रांग.)

केईएम हॉस्पिटल आणि त्याला जोडलेलं सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, आपण सगळे जीएस म्हणतो ते. १९२६ साली हे उभं राहिलं तेव्हा देणगी देणाऱ्या ट्रस्टींनी अट घातली होती की इथं शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. इंग्रजांच्या राज्यात ही साधी गोष्ट नव्हती. आजूबाजूला सगळं गिरणगाव, त्यामुळं इथं येणारा पेशंट म्हणजे गिरणीतला, रेल्वेतला, चाळीतला माणूस. टीचिंग हॉस्पिटलचा अर्थ असा की एकाच आवारात वॉर्डही असतो आणि लॅबही असते, आणि लॅबमध्ये ‘हे असं का झालं?’ असं विचारणारा एक प्रोफेसर असतो. अशा ठिकाणी प्रश्न हरवत नाही, कुणीतरी तो उचलून धरतो.

तर झालं असं, की दोन पेशंटना रक्त लागलं, एक रेल्वेच्या अपघातातला आणि दुसरा चाकूचा वार लागलेला. ग्रुप केला तर दोघंही ओ. मग ओ गटाच्या रक्ताशी क्रॉसमॅच लावली, म्हणजे पेशंटचं सिरम, रक्तातल्या पेशी काढल्यावर उरतं ते पिवळसर पाणी, घ्यायचं, देणाऱ्याच्या लाल पेशी घ्यायच्या, एकत्र करून ट्यूब फिरवायची आणि मग ती ट्यूब दिव्यासमोर तिरपी धरून बघायची. सगळं ठीक असेल तर तळाला बसलेली लाल टिकली हळूहळू विरघळते, धुरासारखी वर येते. इथं ती विरघळलीच नाही, गोळा होऊन तशीच सरकली. म्हणजे मॅच नाही. बरं, दुसरा ओ घेतला, तरी तेच. तिसरा, तेच. मग ए, बी, सगळे गट लावून बघितले, शंभराच्या वर लोकांचं रक्त तपासून झालं आणि तरी गुठळ्याच.

मला इथं थांबावंसं वाटतं, कारण अशा वेळी काय काय म्हणता येतं याचा विचार करा. ट्यूब नीट धुतली नसेल. सिरम खराब झालं असेल. थंडीत कधी कधी पेशी चिकटतात, त्यातलं असेल. लॅबमध्ये काम केलेल्याला ही वाक्यं पाठ असतात आणि बहुतेक वेळा खरीही असतात. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया या तिघांनी तसं म्हणून ट्यूब सिंकमध्ये ओतली नाही. त्यांनी हट्टानं शोध चालू ठेवला आणि शेवटी एक माणूस मिळाला ज्याचं रक्त जुळलं. म्हणजे या जगावेगळ्या रक्ताची एकूण माणसं झाली तीन.

नमुने लंडनला गेले, तिथं रक्तगटांवर काम करणारे रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर होते, आणि रक्तातल्या साखरेच्या साखळ्यांवर काम करणारे वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. मे १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सातही जणांच्या नावानं छापून आलं, पहिलं नाव भेंड्यांचं. जेमतेम दोन पानं. तीन माणसांची गोष्ट, पण सगळ्या जगाच्या ब्लड बँकांनी ती वाचली आणि या रक्ताला नाव पडलं बॉम्बे. पुढं शहराचं नाव बदललं, रक्ताचं तेच राहिलं.

(पडद्यावर: भिंत, तिच्यावर ओळीनं खुंट्या. खुंट्यांवर निळ्या आणि पिवळ्या टोप्या.)

आता हे रक्त नेमकं काय आहे ते सांगते. लाल पेशी म्हणजे एक भिंत समजा. भिंतीवर खुंट्या आहेत, या खुंटीला एच अँटिजेन म्हणतात. ए गटवाल्याच्या खुंटीवर ए ची टोपी टांगलेली असते, बी वाल्याच्या बी ची, एबी वाल्याकडं दोन्ही. ओ गटवाल्याकडं टोपी नाही, नुसत्या खुंट्या. आपण ओ म्हणजे शून्य, काहीच नाही असं धरून चालतो ना, तर तसं नाहीये, ओ वाल्याकडं सगळ्यात जास्त उघड्या खुंट्या असतात. आणि बॉम्बेवाल्याकडं खुंटीच नाही. कोरी भिंत.

म्हणून टाईलवर दोघं सारखेच दिसतात. निळं सिरम ए ची टोपी शोधतं, पिवळं बी ची, दोन्ही नाहीत म्हटल्यावर ओ. खुंटी आहे का, हे कुणी विचारलेलंच नसतं.

आणि आता यातली खरी भीती. ज्या शरीरानं खुंटी कधी बघितलेलीच नाही त्याला ती परकी वाटते, त्याच्या सिरममध्ये तान्हेपणीच तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होते, जोरदार, अंगाच्या तापमानालाही काम करणारी. आपण लहानपणापासून ऐकतो की ओ निगेटिव्ह कुणालाही चालतं, अपघातात वेळ नसेल तर ओ निगेटिव्ह लावा. बॉम्बे गटाच्या माणसाला तेच नेमकं सगळ्यात वाईट, कारण खुंट्या सगळ्यात जास्त त्याच्यातच. बाटली लागली की थंडी वाजायला लागते, कंबर दुखते, लघवी लाल होते, नव्या पेशी शिरेतल्या शिरेत फुटत जातात, किडनी बंद पडू शकते, जीव जाऊ शकतो. निगेटिव्ह-पॉझिटिव्हचा इथं काही संबंध नाही, तो वेगळा हिशोब आहे, बॉम्बे पॉझिटिव्हही असतात आणि निगेटिव्हही.

अजून एक गोष्ट आहे, ती हॉस्पिटलमधली नाही, घरातली आहे. या माणसाकडं खुंटी नसते, पण टोप्या बनवायचे जीन्स असू शकतात. आईच्या शरीरात बी चा जीन असतो, टांगायला जागा नाही म्हणून तो दिसत नाही, कार्डावर ओ. बाप ए. मूल झालं, बापाकडून खुंटी मिळाली आणि ए मिळाला, आईकडून बी आला. मुलाचा रिपोर्ट एबी. शाळेच्या पुस्तकात तर लिहिलंय की ओ आईला एबी मूल होऊच शकत नाही. मग कुजबुज सुरू होते, हॉस्पिटलात बाळ बदललं का, आणि उलट बाजूनं बाप ‘ओ’ असेल तर बाईच्या चारित्र्यावरच बोट. एका अर्धवट तपासणीवरून. मला हे फार लागतं, कारण रिपोर्टवरच्या एका अक्षरावर लोक किती विश्वास ठेवतात ते मी बघितलंय आणि त्या अक्षराच्या मागं फक्त दोन थेंबांची तपासणी असते.

(पडद्यावर: नकाशा. मुंबई, मग दक्षिण महाराष्ट्र, कर्नाटक.)

भारतात साधारण दहा हजारांत एक असं हे प्रमाण धरतात, युरोपात दहा लाखांत एक. डॉ. भाटियांनी हा विषय सोडला नाही. १९७४ मध्ये त्यांनी सहकाऱ्याबरोबर मुंबईचा आकडा छापला, ७,६०० मध्ये एक. त्याच्या आधी १९६२ मध्ये नात्यातल्या लग्नांशी याचा संबंध त्यांनी तपासला होता. कारण असं की हा गट मिळायला आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेला जीन यावा लागतो, आणि मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्नं होतात तिथं एकाच आज्याकडून आलेला जीन दोन्ही बाजूंनी येऊन भेटायची शक्यता वाढते. यात कुणाला दोष द्यायचा नाहीये, माणूस पूर्ण निरोगी असतो, रक्त लागेपर्यंत काहीच कळत नाही. नव्वदच्या दशकात खुंटी बनवणारा तो जीनही सापडला, एफयूटी१, त्यात ७२५ व्या जागी डीएनएचं एक अक्षर बदललेलं, आणि शेजारचा एफयूटी२ हा जीन अख्खा गायब. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर भारतीय वंशाच्या लोकांतही हाच बदल मिळाला. किती पिढ्यांपूर्वी जहाजात बसून गेलेली माणसं, आणि रक्तात तीच खूण.

१९५७ मध्ये मुंबईत ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू झालं, आज ती आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था आहे, केईएमच्याच आवारात. ज्या आवारात प्रश्न पडला तिथंच.

(पडद्यावर: टेस्ट ट्यूबचा स्टँड.)

मग हे पकडायचं कसं? पद्धत साधी आहे. टाईलवर आपण पेशी तपासल्या, त्याला फॉरवर्ड ग्रुपिंग म्हणतात. आता उलटं करायचं, पेशंटचं सिरम घ्यायचं आणि माहितीच्या ए, बी आणि ओ पेशींबरोबर लावायचं. हे रिव्हर्स ग्रुपिंग. खऱ्या ओ माणसाचं सिरम ओ पेशींशी शांत राहतं. बॉम्बेवाल्याचं त्यांनाही चिकटवतं. बास, एवढी एक ट्यूब. शंका आली की अँटी-एच लावून खात्री करतात, आणि हे अँटी-एच कशातून मिळतं तर युलेक्स नावाच्या काटेरी, पिवळ्या फुलांच्या युरोपीय झुडपाच्या बियांमधून. या बियांतलं प्रोटीन फक्त खुंटीला धरतं. ओ रक्त लगेच गोळा होतं, बॉम्बे तसंच वाहत राहतं.

ब्लड बँकेत ही उलटी तपासणी होते. कॅम्पमध्ये, कार्ड बनवताना बरेचदा होत नाही. माझं स्वतःचं कार्ड कॉलेजच्या कॅम्पमधलं होतं, टाईलवरचं, ओ पॉझिटिव्ह. ते मी वीस वर्षं पाकिटात घेऊन फिरले. या फिल्मचं काम सुरू झाल्यावर पहिल्यांदा रिव्हर्स करून घेतलं. मी साधी ओ निघाले.

ज्यांचं तसं निघत नाही, त्यांचं आयुष्य जरा वेगळं होतं. त्यांना फक्त आपल्याच गटाचं रक्त चालतं. लाल पेशींची पिशवी फ्रीजमध्ये पाच-सहा आठवडे टिकते, ग्लिसरॉल घालून गोठवली तर वर्षानुवर्षं, पण ती सोय मोजक्या ठिकाणी. म्हणून हे लोक एकमेकांचे नंबर जपतात. ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधी स्वतःचंच रक्त काढून ठेवतात. आणि अचानक लागलं तर कुणीतरी रात्री गाडी काढतं, शेकडो किलोमीटर जातं, अनोळखी माणसासाठी, झोपतं, हात पुढं करतं आणि सकाळी परत कामावर. पुढचे किमान तीन महिने त्याला देता येत नाही, तेवढ्यात दुसरा फोन आला तर यादीतला पुढचा नंबर.

(पडद्यावर: टेक्निशियनचा हात. ओ सेल लिहिलेली ट्यूब.)

रात्रीचे दोन वाजलेत. खालून कॅज्युअल्टीतून नमुना आलाय, चिठ्ठीवर ओ पॉझिटिव्ह, खाली ‘अर्जंट’ला दोन रेघा. फॉरवर्ड झालं, ओ. आता टेक्निशियन ओ सेलची शेवटची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढते, दिव्यासमोर तिरपी धरते, बोटानं हलकी टिचकी मारते.

टिकली विरघळत नाही.

ती रजिस्टरमध्ये लिहिलेलं ओ खोडत नाही, त्याच्यापुढं लाल पेननं प्रश्नचिन्ह काढते आणि फोन उचलते. ‘सर, पेशंटला बाटली लावू नका. थांबा. मी परत बघते.’