पंगतीतला चौथा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘घरच्या सर्व्हरवरचा एसएसडी ॲरे मंदावला तर काय तपासावं’. ते सांगणारच आहे. पण आधी माझ्या बहिणीच्या लग्नाचं सांगतो, कारण या विषयातलं मला जे कळलं ते त्या लग्नापायी कळलं.

इथं बसलेल्या बहुतेकांच्या घरी असं एखादं सर्व्हरचं खोकं आहे, त्यामुळं रेड, म्हणजे अनेक ड्राइव्ह जोडून एक ॲरे करणं, इथून सुरुवात करत नाही. एवढंच सांगतो की १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी तो निबंध लिहिला, तेव्हा RAID या नावातल्या ‘आय’चा अर्थ ‘स्वस्त’ असा होता. ‘स्वतंत्र’ हा अर्थ मागाहून चिकटला. मला जुनाच अर्थ प्रिय आहे. साध्या, परवडणाऱ्या चार वस्तू एकत्र येऊन मोठं काम करतात, या विश्वासावर माझं खोकं उभं आहे.

तर त्यात एकेक टीबीचे चार साटा एसएसडी आहेत, झेडएफएस या फाइल सिस्टीमच्या रेड-झेड-१ मध्ये. तिघांच्या जागेत डेटा, एकाएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे एक ड्राइव्ह गेला तरी डेटा परत मिळावा यासाठीच्या हिशेबाला. घरात अडीच गिगाबिटचं नेटवर्क, सेकंदाला २७० एमबीच्या आसपास वेग मिळतो. लग्नाचं शूटिंग ३८० जीबी. कॉपी सुरू केली आणि पहिल्या साडेसात मिनिटांत १२० जीबी गेलेसुद्धा. मग आकडा घसरला, तो ६० एमबीवर जाऊन बसला. आई दर थोड्या वेळानं विचारायची, ‘झालं का रे? मामाला मंगलाष्टकांचा तेवढा तुकडा पाठवायचाय.’ सगळं व्हायला ऐंशी मिनिटं लागली.

आता हात वर करा. अशा वेळी सगळ्यात आधी नेटवर्कची केबल कोणी कोणी बदलली आहे? बघा, निम्मं सभागृह! दुकानदारांनी आपल्या सर्वांचा सत्कार करायला हवा. मीही केबल बदलली. मग स्विच बदलला, मग रॅम वाढवली. दोन आठवडे गेले. दर वेळी सुरुवातीची सात-आठ मिनिटं सुसाट, पुढं तेच ६०.

शेवटी कॉपी चालू असताना आयोस्टॅट ही ड्राइव्हचं काम दाखवणारी कमांड एक्स पर्याय देऊन लावली आणि प्रत्येक ड्राइव्हची ओळ वेगवेगळी वाचली. तीन ड्राइव्ह जेमतेम दहा टक्के कामात, एकेक लिखाण मिलिसेकंदभरात पुरं. चौथा शंभर टक्के गुंतलेला, एकेका लिखाणाला ४०० मिलिसेकंद. पंगतीत कसं असतं? तिघांची पानं स्वच्छ झाली तरी चौथ्याचं जेवण होईपर्यंत कुणी उठत नाही. चौथा सेकंदाला २० एमबी लिहीत होता. डेटाचे तीन वाटे, म्हणून २० गुणिले ३, म्हणजे ६०. दोन आठवडे ज्या आकड्याकडं मी बघत बसलो होतो त्याचं उत्तर या एवढ्याशा गुणाकारात होतं.

हा चौथा कोण? मूळचा एक ड्राइव्ह वॉरंटीत बिघडला, त्याच्या बदल्यात आलेला. तेच नाव, तोच मॉडेल क्रमांक, तसाच खोका. ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये फर्मवेअरची आवृत्ती तेवढी वेगळी. आत मात्र सेलमागे तीन बिट ठेवणाऱ्या टीएलसीऐवजी क्यूएलसी फ्लॅश, कंट्रोलर दुसरा आणि डीरॅम, म्हणजे ड्राइव्हची स्वतःची मेमरी, अजिबात नाही. इथं मला मनापासून राग येतो. आपण महिना-महिना परीक्षणं वाचतो, पै-पै जोडून वस्तू घेतो, आणि आतला जीव बदलूनही वरचं नाव तेच राहतं. वस्तू स्वस्त करा, जरूर करा, पण मग नाव बदला. गिऱ्हाइकाला एवढं मागण्याचा हक्क आहे.

क्यूएलसीच्या एका सेलमध्ये चार बिट, म्हणजे विद्युतभाराच्या सोळा पातळ्या, त्यामुळं लिहायला वेळ लागतो. म्हणून ड्राइव्ह आधी काही सेल एकेका बिटानं भराभर भरतो आणि सवडीनं आवरतो. ही एसएलसी कॅशे. माझ्या ड्राइव्हची ४० जीबीला भरली. तीन वाटे धरून १२० जीबी, तीच ती साडेसात मिनिटं.

माझं मागणं एकच आहे. कोणताही ड्राइव्ह ॲरेत घेण्याआधी एकटा मोजा आणि आकडे वहीत लिहा. रिकाम्या क्यूएलसी ड्राइव्हची कॅशे त्याच्या क्षमतेच्या पाव भागापर्यंत जाऊ शकते, म्हणून चाचणीत पाव भागाहून बरंच जास्त लिहा. डीडी या कॉपीच्या कमांडनं शून्यं लिहून मोजू नका. पुढं झेडएफएसवर तीच चाचणी केलीत तर कॉम्प्रेशन ती शून्यं गिळून टाकतं आणि आकडा खोटा येतो. फायो हे वेग मोजायचं साधन वापरा, ड्राइव्ह कोरा असतानाच.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता पत्रिकेतला विषय!

नेटवर्क आयपर्फ-३ नं वेगळं मोजा. एक गिगाबिटवर ११० एमबी येत असतील तर ॲरे निर्दोष आहे, तार भरलीय. स्वस्त साटा कार्ड पीसीआयई २.० च्या एका लेनवर असेल तर सगळ्या ड्राइव्हना मिळून ५०० एमबी, तेही कागदावर. डीमेसेज या कर्नलच्या नोंदींमध्ये लिंक ६ गिगाबिटऐवजी दीडवर दिसली आणि ड्राइव्हच्या स्मार्ट नोंदींतला १९९ क्रमांकाचा सीआरसी, म्हणजे तारेवरच्या चुकांचा, आकडा वाढत असला, तर साटा केबल बदला. हो, ही केबल बदलायला माझी हरकत नाही!

ट्रिम, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली हा ड्राइव्हला दिलेला निरोप, पोहोचतंय का पाहा. झेडएफएसमध्ये ऑटोट्रिम २०१९ च्या ०.८ आवृत्तीपासून आहे, पण आपण चालू करावं लागतं, आणि कित्येक रेड कार्डं ट्रिम खाली जाऊच देत नाहीत. ॲशिफ्ट, म्हणजे झेडएफएस धरतं तो सेक्टरचा आकार, १२ आहे ना बघा, एकदा ठरलं की त्या ड्राइव्हगटासाठी बदलता येत नाही. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून फायली वापरताना, लहान फायली रखडत असतील तर संशय सिंक लिखाणावर, म्हणजे पक्कं उतरल्याची खात्री होईपर्यंत थांबणाऱ्या लिखाणावर. सिंक बंद करून दोन मिनिटं खात्री करा आणि लगेच पूर्ववत करा. आपल्याकडं वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि गेली की शेवटच्या पाचेक सेकंदांचं लिखाण गेलं.

आणि लग्नाचं राहिलंच. नवा चौथा आणला, दोन रात्री एकटा मोजला, मग ड्राइव्ह बदलायची झेडपूल रिप्लेस कमांड दिली. तेच ३८० जीबी चोवीस मिनिटांत गेले. मामाला मंगलाष्टकं त्याच रात्री मिळाली.

हं, मागच्या रांगेतले काका मघापासून हात वर करून आहेत. विचारा काका.