लाल मुर्सा कुणाच्या खांद्यावर?

(इगर्जीचं, म्हणजे चर्चचं, आवार. घंटा. मिरवणूक बाहेर पडते.)

गोव्याच्या सासष्टी तालुक्यातलं हे गाव. नाव सांगू नका, असं गावातल्या लोकांनीच सांगितलं, म्हणून सांगत नाही. फेस्ताची, म्हणजे चर्चच्या सणाची, मिस्सा (प्रार्थना) आटोपली की आधी खुरीस (क्रूस) बाहेर येतो, त्यामागं मेणबत्त्या आणि मग ही लाल रांग. पायघोळ पांढरा झगा, वर खांद्यापुरता लाल मुर्सा. मुर्सा घातलेला प्रत्येक जण कोंफ्रारियाचा, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळाचा, सभासद. तिथं फक्त गावकर, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतले, पुरुष घेतात; वाद त्यावरूनच आहे.

(जवळून: इस्त्री, कापड, हात.)

फेस्ताच्या आदल्या रात्री प्रत्येक गावकराच्या घरी हे चालतं. मुर्सा पेटीतून निघतो, डांबराच्या गोळ्यांचा वास उडावा म्हणून तासभर वाऱ्यावर टांगतात. मग आतल्या बाजूनं इस्त्री, कारण वरून फिरवली तर लाल कापडाला चकाकी येते. गळ्याचा हूक या बाईंनी यंदा नवा लावलाय. मुर्सा सासऱ्यांचा होता, आता नवऱ्याचा, पुढं मुलाचा. थोरली मुलगी वकील आहे. तिच्यापर्यंत तो येत नाही.

(जुनी इगर्ज, दगडी पायऱ्या, थडग्यांवरची अक्षरं.)

हे आलं कुठून? 1560 नंतर जेजुइट पाद्री सासष्टीत पसरले. गावंच्या गावं ख्रिस्ती झाली आणि येताना जात बरोबर घेऊन आली. बामण बामणच राहिला, चाड्डो (क्षत्रिय) चाड्डोच, शुद्र शुद्रच. रोमलाही तेव्हा त्याचं फार वावडं नव्हतं. 1623 मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणांना जानवं आणि शेंडी ठेवायला मोकळीक दिली होती. पुढं 1787 मध्ये कांदोळीच्या पिंटोंच्या घरात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट शिजला. गोऱ्या पाद्रींना बढती आणि गोंयकार (गोव्याच्या) पाद्रींना डावलणं, हे त्यामागचं एक मोठं दुखणं. रंगावरून डावललं तर एवढा संताप. जातीवरून डावललेल्यांसाठी मात्र कट शिजला नाही.

(पवित्र गुरुवार. बारा खुर्च्या. पाणी ओततात.)

आता हे बघा. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. फादर गुडघ्यांवर बसलेत. तिसऱ्या खुर्चीवर मासळी विकणारी बाई आहे, पाय घासून घासून धुऊन आलेली, तरी संकोचून बोटं आत ओढते. सातवी मुलगी कॉलेजात शिकते. 2016 पर्यंत नियमानं इथं फक्त पुरुष बसायचे. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये रोमच्या बालसुधारगृहात मुलींचे पाय धुतले आणि तीन वर्षांनी नियमच बदलला. वेदीवर सेवेला मुली 1994 पासून चालतात. धुपाटणं हलवणारी ही चिमुरडी बिगरगावकराची आहे, आणि तिला कुणी अडवलेलं नाही.

कोंफ्रारियाचे ज्येष्ठ सभासदही तेच म्हणतात. मिस्सा सगळ्यांची, कुम्सार (पापकबुली) सगळ्यांचा. पण फेस्त आमच्या पूर्वजांनी गावकारीच्या, म्हणजे गावकरांच्या सामायिक जमिनीच्या, पैशावर उभं केलं, तो मान आमचा. 1976 मध्ये कुळांना जमिनी मिळाल्यावर गावकारीकडं किती उरलं, यावर वेगळा माहितीपट होईल. मुद्दा असा की चर्चच्या 1983 च्या कायद्याचं 208 वं कलम सगळ्या श्रद्धावंतांची प्रतिष्ठा समान मानतं, आणि हे त्यांना ठाऊक नाही असं नाही. कलम त्यांनीच आम्हाला वाचून दाखवलं. 'पण रीत ती रीत,' असं म्हणून पुस्तक मिटलं.

फोंड्याच्या प्रेक्षकांनी इथं हसू नये. आपल्या देवळांचे महाजन (देवस्थानचे सभासद) 1933 च्या माझानीच्या, म्हणजे देवस्थान कारभाराच्या, नियमांवर चालतात, आणि तिथंही घराणं बघूनच नाव चढतं.

(रिकामी बाकं. थोडा वेळ फक्त आवाज.)

या वादात गावातला एक वाडा फेस्तापासून तुटला आणि दोन लग्नं दुसऱ्या फिर्गजीत (चर्चच्या हद्दीत) लागली.

(वकील मुलगी, घराचा सोपा.)

तिनं आणि एका बिगरगावकर शिक्षकानं मिळून अर्ज दिलाय. मागणी एकच: या फिर्गजीत बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही कोंफ्रारियात घ्यावं, बाई असो वा पुरुष. फादरांचा पाठिंबा आहे, पण कॅमेऱ्यासमोर नाही. अर्ज सभेपुढं आला. सभेला फक्त सभासद बसतात, त्यामुळं आत काय झालं ते आमच्याकडं चित्रित नाही. बाहेर आल्यावर सचिवांनी एवढंच सांगितलं की निर्णय पुढच्या सभेवर ढकलला. पुढची सभा फेस्तानंतर आहे.