रात्री साडेदहाचा मेसेज आणि आपली झोप

नमस्कार मंडळी! माझे बाबा पिंपरीत कारखान्यात होते. फर्स्ट शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की कंपनीची बस, आणि सव्वाचारला घरी. अंगमेहनतीचं काम, पण चहाचा कप हातात आला की कंपनी विसरलेली असायची. मी हिंजवडीत एसीत बसते, आणि त्यांच्यापेक्षा जास्त दमते. असं का?

काम वाढलंय, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं.

१९७० च्या सुमारास जे वाइस या अमेरिकी शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग केले. दोन उंदरांना अगदी सारखेच शॉक. एकाला प्रत्येक शॉकच्या आधी बीप ऐकू यायची, दुसऱ्याला नाही. बीप नसलेल्याच्या पोटात कितीतरी जास्त अल्सर झाले! पहिल्याला निदान एवढं कळत होतं, की बीप नाही म्हणजे आत्ता निवांत बसायचं. दुसऱ्याला निवांत क्षणच नव्हता.

आपलंही शरीर तसंच. कुत्रा मागे लागला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, मागोमाग कॉर्टिसॉल, दोन्ही ताणाची हार्मोन्स. छाती धडधडते, रक्तात साखर वाढते, पचन मंदावतं. कुत्रा गेला की हळूहळू सगळं जागेवर. पण कुत्रा कधी येईल हेच माहीत नसेल, तर शरीर सैल पडणार कधी?

टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या यादीत संथ वाहतुकीत पुणं जगात चौथं होतं, १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं. ही सरासरी सोसता येते हो. पण वाकडहून निघताना आज वीस मिनिटं लागणार की सव्वा तास, हेच कळत नाही. ते पोखरतं.

आणि फोन! मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला आमच्या मॅनेजरचा मेसेज आला: ‘सकाळी बोलूया.’ बस, एवढंच. मी दोन वाजेपर्यंत जागी. नोकरी जाणार? काही चुकलं? सकाळी कळलं, दिवाळीच्या सुट्ट्यांचं विचारायचं होतं. शॉक नव्हताच, तरी रात्र गेली.

मी त्यांना हे शांतपणे सांगितलं. त्यांनाही वाईट वाटलं. आता मेसेज येतो: ‘सकाळी बोलूया, सुट्ट्यांबद्दल. घाई नाही.’

तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर आज रात्री मेसेज पाठवताना हे तीन शब्द जास्त लिहाल का?