थायलंड: साफसफाईच्या नावावर सत्ता

28 मार्च 2025. भूकंप झाला म्यानमारमध्ये, हजार किलोमीटर लांब. बँकॉक हादरलं, गच्चीवरच्या तलावांतलं पाणी खाली रस्त्यावर कोसळलं. पण जमीनदोस्त झालेली उंच इमारत एकच. चतुचक भागातली, तीसहून जास्त मजल्यांची, बांधकाम चालू असलेली. काही सेकंदांत तिचा ढिगारा झाला. नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक मजूर.

ही इमारत होती थायलंडच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाची. बाकीच्या खात्यांत पाणी कुठे मुरतंय, हे शोधणाऱ्यांची. खर्च दोन अब्ज बाहतहून अधिक. ढिगाऱ्यातल्या सळया तपासल्या, तर काही नमुने दर्जात नापास. आणि या कंत्राटावर लक्ष ठेवायला भ्रष्टाचारविरोधी संघटनेचे निरीक्षकसुद्धा नेमलेले होते!

मग हे रोखणार कोण? उत्तर द्यायला तिथले नेते कायम तयार असतात: आम्ही.

1957 साली फील्ड मार्शल सरित थनारत यांनी सरकार उलथवलं, तेही आधीच्यांना भ्रष्ट ठरवून. 1963 मध्ये ते वारले. मागे इस्टेटीवरून बायको आणि मुलांत भांडण जुंपलं, आणि त्या भांडणातून आकडा बाहेर आला: अडीच अब्ज बाहतच्या वर. 1991 मध्ये लष्कराने चातिचाय चुन्हवन यांना हटवलं. त्यांच्या मंत्रिमंडळाला लोक ‘बुफे’ म्हणायचे. ज्याने त्याने उठावं आणि हवं ते वाढून घ्यावं. 2006 ला पुन्हा बंड, 2014 ला पुन्हा. कारणांत भ्रष्टाचार दर वेळी.

2014 च्या लष्करी राजवटीतले उपपंतप्रधान, जनरल प्रवित वोंगसुवान. डिसेंबर 2017 मध्ये मंत्रिमंडळाचा एकत्र फोटो निघत होता. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून जनरलसाहेबांनी हात वर केला. बाही सरकली. मनगटावर लाखो बाहतचं घड्याळ, आणि मालमत्तेच्या विवरणात त्याचा पत्ता नाही. मग फेसबुकवरच्या लोकांनी जुने फोटो उकरायला घेतले. घड्याळं निघाली वीसहून जास्त. खुलासा काय आला? मित्राकडून वापरायला घेतली होती. मित्र कुठे आहे? वारला. भ्रष्टाचारविरोधी आयोगाने वर्षभर चौकशी केली आणि 5 विरुद्ध 3 मतांनी प्रकरण मिटवलं. आयोगाचे अध्यक्ष पूर्वी याच जनरलांच्या हाताखाली होते. या प्रकरणात ते बाजूला बसले, एवढं मात्र खरं.

निवडून आलेले तरी वेगळे होते का? थाक्सिन शिनावात्रा पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्यावरचा आरोप होता की कोट्यवधींचे शेअर त्यांनी घरच्या मोलकरणीच्या आणि ड्रायव्हरच्या नावावर ठेवले. 2001 मध्ये घटनात्मक न्यायालयाने त्यांना 8 विरुद्ध 7 मतांनी सोडलं. पुढे 2008 मध्ये जमीन खरेदीच्या खटल्यात शिक्षा झाली, 2010 मध्ये 46 अब्ज बाहत जप्त झाले. पण तोवर त्यांची खुर्ची गेली होती. तिथला कायदा आंधळा नाही. खुर्चीवर कोण आहे आणि कोण उतरलंय, हे त्याला व्यवस्थित दिसतं.

आता खाली रस्त्यावर येऊ, कारण खरी मुळं तिथे आहेत.

मे 2023. मूव्ह फॉरवर्ड पक्षाचे खासदार विरोज लक्खनाअदिसोन यांनी ट्रकच्या काचेवरचे स्टिकर लोकांसमोर ठेवले. ससा वगैरे, मुलांच्या दप्तरावर शोभतील असे. महिन्याचा हप्ता भरला की स्टिकर मिळतो, आणि मग जादा माल भरलेला ट्रक कुणी अडवत नाही. गाजावाजा झाला, महामार्ग पोलिसांच्या प्रमुखाची बदली झाली.

त्याच वर्षी 6 सप्टेंबरला, बँकॉकशेजारच्या नाखोन पाथोम प्रांतात, रस्त्यांची सरकारी कंत्राटं घेणाऱ्या एका कमनानच्या, म्हणजे गावगाड्याच्या प्रमुखाच्या घरी जेवणावळ होती. वीसहून जास्त पोलीस पंगतीला. त्यांच्यासमोर महामार्ग पोलिसांच्या एका तरुण अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या गेल्या. कमनानच्या पोलिसातल्या पुतण्याची बदली-बढती करून द्यायला त्याने नकार दिला होता, असं तपासात पुढे आलं. नंतर सीसीटीव्हीची हार्ड डिस्क सापडली, कालव्यात. वीस पोलिसांच्या डोळ्यांदेखत खून आणि पुरावा पाण्यात! अशा ठिकाणी कुंपणच शेत खातं, हेही कमीच.

बढती शिफारशीने मिळते, ती वसूल करायला हप्ता लागतो, हप्ता वर जातो. ही साखळी ज्या नेत्याने तोडायची, त्याची मतं आणि पैसाही अशाच कमनान-कंत्राटदारांच्या हातांतून येतात. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या भ्रष्टाचार निर्देशांकात, जिथे जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार, 2014 ला थायलंडला 100 पैकी 38 गुण होते, दहा वर्षांनी 34. (आपणही 2024 ला 38 वरच होतो, तेव्हा फार मिरवायला नको.)

तरीही एक मंत्री गजाआड गेला, आणि ती हकिगत सांगायलाच हवी. 1998. पंतप्रधान चुआन लीकपाय, वैयक्तिकरीत्या स्वच्छ म्हणून ख्याती. पण त्यांच्याच सरकारच्या आरोग्य खात्यात औषधखरेदी चालली होती बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट दराने. हे पकडलं ग्रामीण डॉक्टरांनी. औषधांचे दर त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होते, ‘याच दराने घ्या’ हा वरचा निरोप त्यांनी चव्हाट्यावर आणला. चौकशीची मागणी करायला स्वयंसेवी संस्थांनी 50,000 सह्या गोळा केल्या. आरोग्यमंत्री रक्कियत सुकथना यांना राजीनामा द्यावा लागला, पुढे 15 वर्षांची शिक्षा झाली. ते फरार झाले आणि 2004 मध्ये पकडले गेले.

50,000 सह्यांचा तो हक्क लोकांना 1997 च्या राज्यघटनेने दिला होता. ती राज्यघटना 2006 च्या लष्करी बंडात रद्द झाली. बंड करणाऱ्यांनी सांगितलेल्या कारणांत भ्रष्टाचारही होता.